उसवलेली डावी बाही

मी एक जुनी चोळी आहे. एके काळी माझा रंग डाळिंबी होता. आता तो इतका विटला आहे की मूळचा रंग कोणता हे मलाच सांगावं लागतं. दोऱ्याची रिळं, गंजलेल्या सुया आणि सुटी बटणं यांच्या सोबतीने मी एका पत्र्याच्या डब्यात पडून असते. डबा उघडला की जो तो कात्री शोधतो. मला बाजूला सारतात आणि झाकण लावून टाकतात.

पण मित्रांनो, तुम्ही मला एकदा हातात घ्या आणि माझ्या दोन्ही बाह्या शेजारी शेजारी ठेवून बघा. उजवी बाही शिंप्याने शिवली तशीच आहे. डावी मात्र तिच्यापेक्षा रुंद आहे, आणि तिच्यावर सुईच्या बारीक भोकांच्या रांगा दिसतात. एकेक शिवण उसवून पुढची शिवण थोडी काठाकडे सरकवली, त्याच्या त्या खुणा. कापड धुतलं तरी त्या जात नाहीत. मला त्या खुणांची गोष्ट सांगायची आहे.

माझा जन्म भाईंदरच्या बाजारात, लवू शिंप्याच्या हातून झाला. तेव्हाचं भाईंदर तुम्ही पाहिलेलं नाही. स्टेशन, जवळच बाजार, पुढे खाडी आणि मग नजर जाईल तिकडे मिठागरं. होळी जवळ आली होती. मिठागरात काम करणाऱ्या नाथाने आपल्या बायकोसाठी कापड घेतलं होतं. तिचं नाव शेवंती. मापं द्यायला तिच्याबरोबर तिची थोरली जाऊ सरूबाई आली होती, आणि दुकानात सगळा वेळ बोलत होती ती सरूबाईच.

“बाह्यांना आत माया ठेव रं लवू,” तिने बजावलं. “ही आता काडीसारखी हाय. उद्या अंग धरलं, मंग काय नवी शिवायची?”

शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला माया म्हणतात. चोळी घट्ट होऊ लागली की शिवण उसवायची आणि तेवढं कापड बाहेर काढायचं. लवूने माझ्या दोन्ही बाह्यांत भरपूर माया ठेवली. मला तेव्हा त्याचा मोठा अभिमान वाटला होता. पुढे तेच कापड घाताला कारण झालं.

सणाची चोळी म्हणून मिरवण्याचं माझं सुख एका वर्षात संपलं. पुढच्या होळीला नवी आली आणि मी रोजच्या कामाला लागले. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण मिठागरात गेले तेव्हाच मला शेवंती खरी कळली.

उन्हाने पाणी आटलं की खाली मीठ जमायचं. पुरुष ते ओढून बांधावर आणायचे आणि बायका टोपल्या डोक्यावर घेऊन राशीकडे चालायच्या. टोपली धरायला शेवंतीचे हात वर जात, तेव्हा मी काखेत ताणली जाई. टोपलीतून गळणारं खारं पाणी माझ्या बाह्यांवर उतरे आणि दुपारपर्यंत तिथे पांढरे डाग वाळलेले असत. संध्याकाळी ती मला विहिरीच्या गोड्या पाण्यात खळबळून काढायची. “मीठ राह्यलं तर कापड खातं,” असं ती म्हणे. माणसांचं काय होतं ते ती बोलत नसे. तिथे सगळ्यांचे पाय चिरलेले आणि हात सुजलेले असायचे. हंगामात सुजलेल्या हाताकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नसे. मित्रांनो, एवढं ध्यानात ठेवा, कारण माझ्या शेवंतीचं नुकसान याच सवयीने केलं.

घरी आल्यावर तेच हात तांदळाच्या भाकऱ्या करायचे. परातीत थापायच्या नाहीत, दोन तळव्यांच्या मध्येच फिरवत फिरवत वाढवायच्या. बघता बघता भाकरी पातळ आणि गोल व्हायची. पाड्यात कुणाचं लग्न निघालं की शेवंतीला चुलीपाशी बोलावणं ठरलेलं असे. तिला सुगंधा नावाची एकच मुलगी होती. “माझ्या सुगंधाच्या लग्नात भाकऱ्या मीच करणार,” ती सांगायची. “दुसरीनं चुलीजवल येऊन दाखवावं!” त्या वेळी तिच्या आवाजात एक तोरा असे, आणि मला तो फार आवडायचा.

मग तिच्या छातीत डाव्या बाजूला गाठ आली. आंघोळीच्या वेळी तिला ती हाताला लागली होती, पण ती बोलली नाही. बायकांनी असलं बोलायचं नसतं असंच सगळ्यांना वाटे. गाठ वाढली तेव्हा तिने ती सरूबाईला दाखवली. सरूबाईने नाथाला सांगितलं आणि नाथा दुसऱ्याच दिवशी तिला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. दुखणं कॅन्सरचं निघालं. डॉक्टरांनी ती बाजू कापून काढली, काखेतल्या गाठीही काढल्या आणि नंतर कित्येक दिवस मशीनखाली किरणांचा शेक दिला. तो सगळा वेळ मी खाटेखालच्या गाठोड्यात होते.

तिथे बर्नडेट नावाची एक नर्स होती. ती उत्तनची, म्हणजे आपल्याच भागातली. भाईंदरची बाई आली आहे हे कळल्यावर ती कामातून वेळ काढून शेवंतीपाशी येऊन बसायची. घरी सोडायच्या दिवशी तिनेच मला शेवंतीच्या अंगात घातलं. डावा हात बाहीत घालताना तिने तो जपून उचलला.

“आता या हाताला लहान पोरासारखा सांभाल गो,” ती म्हणाली. “याला जखम होऊ द्यायची न्हाय, ओझं द्यायचं न्हाय. आणि हात जड वाटला, बाही रुतायला लागली, तर सरळ इथं निघून यायचं. वाट बघत बसायचं न्हाय. कललं?”

शेवंतीने मान हलवली. असं का, हे तिने विचारलं नाही, आणि बर्नडेटला कोणीतरी पलीकडून हाक मारली म्हणून ते सांगायचं राहून गेलं.

घरी आल्यावर सरूबाईने जुन्या लुगड्याची मऊ घडी करून ती माझ्या आत डाव्या बाजूला शिवली. रिकामी जागा बाहेरून दिसू नये म्हणून. ती शिवताना सरूबाई रडत होती आणि तोंडाने मात्र शेवंतीची थट्टा करत होती. “आता बघ, लगीन झालं तवा दिसायचीस तशी दिसतेस.” शेवंतीही हसली. बाहेर कोणाला काही सांगायचं नाही असं घरात ठरलं. विचारलंच कोणी तर पोटाचं दुखणं होतं म्हणायचं.

एक वर्ष बरं गेलं. शेवंती भाकऱ्या करू लागली, हळूहळू मिठालाही जाऊ लागली. सुरुवातीला ती टोपली उजव्या हातानेच धरी. पण ओझं वाहणाऱ्या बाईला असं किती दिवस जमणार?

आणि मग एका संध्याकाळी मी तिच्या डाव्या दंडात रुतले.

सकाळी मी नेहमीसारखी अंगात गेले होते. दिवस कलता कलता डावी बाही घट्ट होत गेली. रात्री तिने मला उतरवलं तेव्हा तिच्या दंडावर माझ्या काठाचा वळ उठला होता. तिने तो चोळला आणि ती झोपली. सकाळी हात पुन्हा पहिल्यासारखा झालेला होता. मित्रांनो, हीच तर या दुखण्याची लबाडी आहे. ते पहिल्यांदा येतं तेव्हा पाहुण्यासारखं येतं, संध्याकाळी येतं आणि सकाळी जातं. माणसाला वाटतं, गेलं की!

चोळीला तोंड नसतं. तिला एकच भाषा येते, रुतण्याची. मी माझ्या परीने रोज सांगत होते. उजवी बाही सैल आहे आणि डावी घट्ट आहे, शेवंती, जरा बघ! पण ती बाही बोटाने ओढून सैल करी आणि कामाला लागे. काही दिवसांनी सरूबाईचं लक्ष गेलं.

“अंग धरलंस गो शेवंते!” ती आनंदाने म्हणाली. “दुखणं गेलं आणि तब्येत सुधारली बघ. आण ती चोली, मी उसवून देते.”

तिने माया बाहेर काढली आणि डाव्या बाहीला नवी शिवण घातली. उजवीला हात लावायची गरजच पडली नाही, आणि ती गरज का पडली नाही हा प्रश्न दोघींपैकी एकीलाही पडला नाही. सरूबाईने इतक्या मायेने टाके घातले होते की मला तिच्यावर रागावताही येईना. मी सैल झाले आणि माझी वाचाच बसली.

सूज मात्र थांबली नाही. आता ती सकाळीही पूर्ण उतरेना. हात दिवसभर जड वाटायचा, कातडी ताणल्यासारखी दिसायची, कोपर वाकवताना शेवंती ओठ आवळून घ्यायची. एकदा तिने मनगटाच्या वर अंगठा दाबला. तिथे खळगा पडला आणि तो लगेच भरून आला नाही. ती त्या खळग्याकडे बघत राहिली. त्याच वेळी नाथा आत आला.

“काय झालं हाताला?” त्याने विचारलं.

“काय न्हाय. मिठानं सुजलाय.”

“आगरात सगल्यांचेच सुजतात,” नाथा म्हणाला. “खोबऱ्याचं तेल लाव.” आणि तो हातपाय धुवायला गेला. त्याचं प्रेम नव्हतं असं नाही. बायकोला इस्पितळात न्यायला त्याने एक दिवस दवडला नव्हता. पण सुजलेला हात त्याने जन्मभर पाहिला होता. त्याचा स्वतःचाही तसाच होता.

शेवंतीला मात्र बर्नडेटचे शब्द आठवत होते. बाही रुतली तर ये. ती का गेली नाही, ते मला फार उशिरा कळलं. पेणकरपाड्याहून सुगंधासाठी स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं, बोलणी झाली, दिवसही ठरला. शिवणीत आता शेवटचं बोटभर कापड उरलं होतं. लग्नाच्या तयारीत शेवंती मला घेऊन सरूबाईच्या पुढे बसली आणि म्हणाली, “बाय, अजून थोडी उसव.”

सरूबाईने बाही उलटी केली. मग तिने मान वर करून शेवंतीच्या हाताकडे पाहिलं, आणि या वेळी तिच्या तोंडून थट्टा निघाली नाही.

“ते परत आलंय काय गो?” तिने हळूच विचारलं.

“मला पण तसंच वाटतं,” शेवंती म्हणाली. “पण बोलू नको. इस्पितलात गेले तर गावभर होईल. पेणकरपाड्याला कललं तर ते म्हणतील, आयशीला असलं दुखणं, पोरीला न्हाय कशावरून? सोयरीक मोडंल. लगीन होऊ दे. मंग जाऊ आपण दोघी.”

“आणि तवर?”

“तवर तू बाही सैल कर.”

सरूबाईने सुई घेतली. तिला दोरा ओवता येईना, म्हणून तो शेवंतीने ओवून दिला. गाठ परत आली आहे असं समजून, मरण जवळ आलं आहे असं समजून, त्या दोघी बायका एका मुलीच्या लग्नासाठी माझी बाही उसवत होत्या. मला ओरडून सांगावंसं वाटलं की अगं, आधी कोणाला तरी दाखवा. पण माझी शेवटची शिवणही सुटली आणि मला रुतायलासुद्धा जागा राहिली नाही.

लग्न थाटात झालं. बाहेर बायका धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणत होत्या आणि शेवंती ठरल्याप्रमाणे चुलीपाशी बसली होती. नवी चोळी दंडात चढेना म्हणून तिने मलाच घातलं होतं आणि वरून पदर घेतला होता. तिने पहिली भाकरी हातावर घेतली. उजवा तळवा फिरत होता, पण डाव्याची बोटं पसरतच नव्हती. भाकरी मधोमध फाटली. दुसरी घेतली, तीही फाटली. शेजारणी एकमेकींकडे बघू लागल्या. सरूबाई पुढे झाली आणि तिने तिच्या हातातलं पीठ काढून घेतलं. “ऊठ, तू विहीणबाईकडं बस,” ती म्हणाली. शेवंती उठली, हसतमुखाने पाहुण्यांत गेली. तिचं काळीज कसं धडधडत होतं ते माझ्याइतकं कोणाला कळणार?

सुगंधा सासरी गेली आणि थोड्याच दिवसांत शेवंतीला हुडहुडी भरून ताप आला. मिठागरात बोटाला पडलेल्या एका चिरेतून विष आत गेलं होतं. हात लालभडक, गरम आणि टणक झाला. नाथा आणि सरूबाई तिला घेऊन मुंबईला धावले.

डॉक्टरांनी औषधं सुरू केली, नीट तपासलं आणि सांगितलं की कॅन्सर परत आलेला नाही. नाथाने हात जोडले.  मग डॉक्टर म्हणाले की काखेतल्या गाठी काढल्यामुळे आणि शेक दिल्यामुळे काही जणींच्या हातातलं पाणी वर चढत नाही, ते तिथेच साचतं. सुरुवातीलाच आलं की पट्टी बांधून, हात उंच ठेवून, व्यायाम देऊन सूज आटोक्यात ठेवता येते. आता ती थोडी उतरेल, पण हात पहिल्यासारखा होणार नाही.

बर्नडेट पट्टी बांधायला आली. तिने विचारलं, “किती दिवस होतं हे?”

“आम्हाला वाटलं, मिठानं सुजलाय,” नाथा म्हणाला. “आमच्यात सगल्यांचेच सुजतात.”

बर्नडेटने शेवंतीचे दोन्ही हात चादरीवर शेजारी शेजारी ठेवले. एक हात बारीक, शिरा दिसणारा. दुसरा त्याच्या दीडपट.

“मंग हा उजवा हात कुठं होता?” तिने विचारलं. “हा मिठाला जात न्हवता?”

नाथा खाटेजवळ सरकला. तो त्या दोन हातांकडे बघतच राहिला. इतके दिवस ते दोन्ही हात त्याच्या डोळ्यांपुढे होते. फक्त कोणी ते शेजारी शेजारी ठेवले नव्हते.

शेवंती त्यानंतर बरीच वर्षं जगली. सकाळी हाताला बोटांपासून वरपर्यंत पट्टी बांधायची, रात्री तो उशीवर उंच ठेवून झोपायचं. मिठागर सुटलं. भाकऱ्या सुटल्या. पेणकरपाड्याच्या विहीणबाईंना सगळं कळलं तेव्हा त्या भेटायला आल्या आणि म्हणाल्या, “एवढंच होतं तर सांगायचं होतं. मी आले असते तुमच्यासंगं इस्पितलात.” शेवंतीने पट्टीचा हात पदराखाली घेतला. ज्या भीतीपायी तिने हात गमावला ती भीतीच खोटी निघाली होती. सुगंधाचा पहिला मुलगा तिने उजव्या हातावर घेतला. डाव्या हाताने ती फक्त त्याच्या पायाला शिवायची.

एकदा सरूबाई मला घेऊन बसली आणि डाव्या बाहीची शिवण पुन्हा जुन्या जागी घालू लागली. शेवंतीने तिच्या हातून मला काढून घेतलं. “राहू दे बाय. आता बाही शिवून हात थोडाच बारीक होणार हाय?” त्यावर दोघीही खूप रडल्या. एकोणीसशे सत्तर साल उलटल्यावर एका पावसाळ्यात शेवंती काविळीने गेली. तिच्या इतर कपड्यांची विल्हेवाट लागली. मला सरूबाईने मागून घेतलं आणि या डब्यात ठेवलं.

आता सरूबाई म्हातारी झाली आहे. परवा सुगंधाची जाऊ मंदा पेणकरपाड्याहून तिच्याकडे आली. गेल्या वर्षी मंदाचंही तेच ऑपरेशन झालं, उजव्या बाजूचं. हातात चोळी होती आणि चेहऱ्यावर ओशाळं हसू.

“काकी, तुमचा हात शिवणात चांगला म्हणून आले. ही बाही जरा रुततेय. थोडी उसवून द्या ना.”

सरूबाईने डबा उघडला. तिने सुई काढली नाही, मला काढलं. माझी डावी बाही मंदाच्या मांडीवर पसरली आणि सुईच्या भोकांवरून तिचं बोट हळूहळू फिरवलं. एक रांग, दुसरी रांग, मग काठ. तिथून पुढे कापडच नव्हतं. हे सगळं उसवताना कोण बसलं होतं आणि काय झालं, ते तिने सांगितलं. मंदाचं हसू मावळलं.

मित्रांनो, मी साधी चोळी, मला उपदेश करण्याचा अधिकार नाही. पण तुमच्या घरात आई, मावशी, आजी असं ऑपरेशन होऊन आली असेल, तर तिची बाही, तिची बांगडी, तिची अंगठी एका हाताला घट्ट होते का, एवढं बघा. हात जड वाटतो म्हणाली तर तेल लावून गप्प बसवू नका. तिला घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि वाटेत सांगा की घाबरू नको. आमचं काम रुतण्याचं आहे, ते आम्ही करतो. ऐकायचं काम तुमचं आहे.

मंदाची चोळी सरूबाईने घडी करून तिला परत दिली. मग तिने खिडकीशी उजेडात तिला बसवलं.

“दोन्ही हात पुढं कर बघू,” सरूबाई म्हणाली.